टेबलापाशी बसलेला चौथा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

20 मार्च 1954. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शालेय बास्केटबॉलचा अंतिम सामना चालू आहे. एकीकडे मायलन नावाच्या खेड्यातली शाळा, पट अवघा 161. दुसरीकडे मन्सी सेंट्रल, पट तिच्या दहापट. चौथ्या क्वार्टरमध्ये मायलनचा बॉबी प्लंप चेंडू हातात धरून उभा राहतो, तो 4 मिनिटं 13 सेकंद. मायलन 32-30 नं जिंकते आणि शेवटची बास्केटही प्लंपचीच असते.

त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगनं शॉट क्लॉक आणलं, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ. 1950 मध्ये त्यांच्याकडे एक सामना 19-18 असा रेंगाळत संपला होता आणि प्रेक्षक कंटाळू लागले होते. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 शॉट मारतात. 48 मिनिटं म्हणजे 2880 सेकंद. भागाकार करा, 24 येतात.

अमेरिकेतल्या हायस्कूलांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय महासंघानं या प्रश्नाला हात घातला तो थेट 2021 मध्ये. 2022-23 च्या हंगामापासून राज्यांनी हवं तर 35 सेकंदांचं घड्याळ लावावं, असं ठरलं. ‘हवं तर’ म्हटलं की भांडणाला जागा राहतेच, आणि लहान शाळांत ते अजून मिटलेलं नाही.

लहान शाळेची बाजू आधी ऐकू. नाणं 100 वेळा उडवलं तर छापा-काटा जवळपास सारखे पडतात, 5 वेळा उडवलं तर काहीही होऊ शकतं. चेंडू एका संघाकडे आला की तो त्याचा ताबा. बलाढ्य संघ प्रत्येक ताब्यामागे थोडे जास्त गुण काढतो. म्हणून ताबे जितके कमी, तितकी दुबळ्याला संधी जास्त. संथ खेळणं हे त्यांचं हत्यारच आहे आणि त्यात लबाडी काही नाही.

पण 35 सेकंदांनी हे हत्यार खरंच हातातून जातं का? हायस्कूलचा सामना 8 मिनिटांच्या 4 क्वार्टरचा, म्हणजे 1920 सेकंदांचा. प्रत्येक ताबा शेवटच्या सेकंदापर्यंत ताणला तर दोन्ही संघांचे मिळून 55 ताबे होतात, वाट्याला 27-28. हा पुरेसा संथ खेळ झाला. बंद होतं ते फक्त चेंडू पोटाशी धरून उभं राहणं. कबड्डी बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चढाईला 30 सेकंदांची मुदत आली म्हणून सावध चढाईपटू संपला नाही. तो बोनस रेषेपाशी चाचपणी करतोच, फक्त मुक्काम करत नाही.

2023 च्या जानेवारीत ओक्लाहोमात एक शालेय सामना 4-2 असा संपला. अशा वेळी सगळे चेंडू धरणाऱ्यावर तुटून पडतात. बचाव करणाऱ्यांकडे तेव्हाही उपाय असतो, तो कुणी सांगत नाही. हायस्कूलच्या नियमात पुढच्या अर्ध्या मैदानात बचावपटू 6 फुटांच्या आत येऊन उभा राहिला की पंच हात हलवत 5 सेकंद मोजू लागतो. चेंडू तेवढा वेळ नुसता धरून ठेवला, तर ताबा जातो. पण झोन लावलेला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा संघ रिंगखाली ठाण मांडून बसतो. पुढे यायला तो तयार नसतो, आणि समोरचाही आत शिरायला तयार नसतो. घड्याळ हा अडेलपणा मोडतं, पण एकाचा नव्हे, दोघांचा.

आता सामन्याच्या लांबीकडे येतो. शॉट क्लॉकनं सामने लांबतात, ही तक्रार मला पटत नाही. शेवटची 80 सेकंदं उरली आहेत आणि तुमचा संघ 4 गुणांनी मागे आहे, असं धरा. घड्याळ नसेल तर समोरचा चेंडू सोडणारच नाही, म्हणून खेळ थांबवायला तुम्ही मुद्दाम फाउल करता. शिट्टी, फ्री थ्रो, टाइम-आउट, पुन्हा फाउल. घड्याळ असेल तर 35 सेकंद नेटानं बचाव करा, 45 सेकंद हातात ठेवून चेंडू परत मिळण्याची आशा असते. शेवटची मिनिटं रेंगाळतात ती या फाउलांमुळेच.

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये 18 मिनिटांचे दोन भाग खेळतात, एकूण 36 मिनिटं. मोठ्या शाळेला ते मानवतं. ज्या संघात आठच मुलं आहेत, त्यांतली दोन-तीन त्याच संध्याकाळी दुय्यम संघाकडूनही खेळून आलेली असतात आणि रात्री बसनं दोन तास परत जायचं असतं, तिथं ही जादा 4 मिनिटं थेट गुडघ्यांवर येतात. लहान शाळांनी 32 मिनिटांवरच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्यांची खरी अडचण मैदानाकडेच्या, गुण आणि वेळ नोंदवणाऱ्या टेबलापाशी आहे. दोन बाजूंचे दोन स्कोअरर आणि एक टायमर, ही तीन माणसं कशीबशी जमतात. शॉट क्लॉकला चौथा लागतो. यंत्राला काही हजार डॉलर पडतात, ते एकदाच. हा चौथा माणूस मात्र घरच्या प्रत्येक सामन्याला हवा, आणि त्याचे डोळे चेंडूवर हवेत, गुणफलकावर नव्हे.

सगळ्यात जास्त होणारी चूक अशी. शॉट सुटतो, बोट आपोआप रीसेटवर, म्हणजे घड्याळ पुन्हा 35 वर आणणाऱ्या बटणावर जातं, आणि चेंडू रिंगला न लागताच खाली पडतो. रीसेट व्हायला नको होतं, गेलेले सेकंद आता आणायचे कुठून? शॉट सुटला की बोट बटणावर ठेवावं, पण दाबायचं ते चेंडू रिंगला लागलेला दिसल्यावरच. बचावपटूचा नुसता हात लागून चेंडू बाहेर गेला तर रीसेट नाही, घड्याळ थांबतं आणि पुढचा थ्रो-इन आत कुणाच्या हाताला लागला की तिथूनच चालू होतं. ब्लॉक झालेला शॉट रिंगला लागला नाही आणि पुन्हा त्याच संघाकडे आला तर घड्याळाला हातच लावायचा नाही. दोघांनी एकदमच चेंडू पकडला तर मात्र घाई करू नये. अशा वेळी चेंडू कुणाला मिळणार हे दाखवणारा ताब्याचा बाण कुणाकडे आहे ते बघावं, मगच बटण. 35 सेकंद संपल्याचा भोंगा वाजताना चेंडू हवेत असेल तर गोंधळ माजतो. हातातून भोंग्याआधी सुटला आणि रिंगला लागला, तर खेळ चालूच राहतो. हे प्रशिक्षकांना हंगामाआधीच सांगून ठेवावं, नाहीतर टेबलाभोवती गर्दी होते.

नवख्याला थेट सामन्याला बसवू नये. सरावात, आपसातल्या खेळात दोन आठवडे बसवावं आणि शेजारी एकानं मोठ्यानं ‘रिंग’, ‘ताबा’, ‘फाउल’ असं पुकारत राहावं. नंतर पुकारणारा गप्प होतो. तरीही बोट बरोबर वेळी पडत असेल, तर माणूस तयार झाला. सुरुवात फक्त मुख्य संघाच्या सामन्यांपासून करावी. आयोवानं 2022-23 मध्ये तसंच केलं.

आणि क्वार्टरचे 35 पेक्षा कमी सेकंद उरले असताना नवा ताबा आला, तर शॉट क्लॉक बंद करून टाकावं. रिंगवरचा आकडा विझला की काही मुलं बावचळतात, वर बघत राहतात. त्यांनाही आधीच सांगावं, बिघडलेलं काही नाही, आता मोठं घड्याळच बघायचं.

नमस्कार.