पुलाखालचं नेपल्स

श्रोतेहो, नमस्कार.

आज इटलीतल्या नेपल्सच्या जुन्या वस्त्यांतून चक्कर मारू या. पिझ्झा आणि व्हेसुव्हियस या दोघांविषयी सगळेच बोलतात, तेव्हा त्यांना आज सुट्टी.

जुनं नेपल्स वसवलं ग्रीकांनी, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. पूर्व-पश्चिम तीन सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या, हा त्यांचा आराखडा आजही शाबूत आहे. त्यातल्या एका रस्त्याला लोक स्पाक्कानापोली म्हणतात. टेकडीवरून पाहिलं, तर त्याने शहराची दोन शकलं केल्यासारखी वाटतात. घरं बांधायची ती पिवळसर टफ दगडाची. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला हा मऊ दगड जमिनीखालून खणायचा आणि वर रचायचा. त्यामुळे शहराच्या पोटात पोकळ्याच पोकळ्या. त्यांत पूर्वी पाणी साठवत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडू लागले, तेव्हा लोकांनी तिथेच आसरा घेतला.

पश्चिमेला 'क्वार्तिएरी स्पान्योली', म्हणजे स्पॅनिश वस्ती. सोळाव्या शतकात स्पेनचा इथला व्हाइसरॉय पेद्रो दे तोलेदोच्या काळात सैनिकांच्या राहण्यासाठी ती उभी राहिली. इथे तळमजल्यावर 'बास्सो' नावाची एकेका खोलीची घरं असतात, दार थेट गल्लीत उघडणारी. वरच्या मजल्यावरची आजी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते, दुकानदार त्यात पाव नाहीतर भाजी ठेवतो, की टोपली निघाली वर. गिरगावच्या चाळीत वाढलेल्यांना याचं फारसं नवल वाटायचं नाही.

1884 साली इथे कॉलऱ्याने थैमान घातलं. सरकारने पुढच्याच वर्षी कायदा केला आणि बंदराजवळच्या दाट वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ता काढला. 1896च्या प्लेगनंतर मुंबईतही इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हेच केलं होतं. नेपल्सच्या त्या रस्त्यावर दिमाखदार इमारती झाल्या खऱ्या, पण त्यांच्या मागे चार पावलं गेलात, की जुनी दाटी तशीच!

मला मात्र सर्वांत बोलकी वाटते ती सानिता ही वस्ती. ही शहराच्या तटाबाहेरची दरी, पूर्वापार मृतांची जागा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच अमलात राज्यकर्त्यांना कापोदिमोंतेच्या राजवाड्याकडे थेट रस्ता हवा होता. दरी आडवी आली, म्हणून वरून पूल टाकला. त्यासाठी तिथल्या मठाचं आवारही मोडलं. राजेसाहेबांची गाडी वरून धावू लागली आणि वस्ती खाली राहिली. वर-खाली करायला लिफ्ट आली ती थेट 1937मध्ये.

गंमत म्हणजे, 1943च्या सप्टेंबरात जर्मन सैन्य हा पूल उडवायला निघालं, तेव्हा त्याच्यासाठी लढले ते इथलेच लोक. त्यांतल्या मॅदालेना चेराझुओलो या तरुणीचं नाव आता पुलाला दिलंय.

जवळच फोंतानेल्ले आहे. टफची ही जुनी खाण 1656च्या प्लेगात दगावलेल्यांच्या हाडांनी भरली. पुढे लोक त्यातली एखादी बेवारस कवटी दत्तक घेऊ लागले. तिला पुसायचं, फुलं वाहायची, तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि बदल्यात मागायचं काय, तर लग्न जमू दे, लॉटरी लागू दे! चर्चला हे रुचलं नाही. 1969मध्ये आर्चबिशपांनी मनाई केली. पण भक्ती अशी हुकुमाने थोडीच थांबते?

अलीकडे सानितातल्या तरुणांनी सहकारी संस्था काढली आहे. सान जेन्नारो या संताच्या नावाची प्राचीन भुयारी दफनस्थळं तीच मुलं पाहुण्यांना दाखवतात. पर्यटक वाढले, की घरभाडी वाढतात आणि जुने रहिवासी हलतात, ही धास्ती नेपल्सच्या गल्ल्यांतही आहेच. निदान इथे माहिती सांगणारा माणूस त्याच गल्लीतला असतो आणि चार पैसे त्याच्या घरी जातात. तेव्हा गेलात, तर पुलावरून नुसतं खाली डोकावून परतू नका. लिफ्ट पकडा आणि खाली उतरा.