झालं आणि राहिलं

(दृश्य: शनिवार, पहाट. कोथरूडमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. उघड्या डिक्या.)

पहाटेचे पाच. एरवी या वेळी इथे दूधवाला आणि पेपरवाला सोडला तर कुणी जागं नसतं. आज चार गाड्यांच्या डिक्या उघड्या आहेत. एकीत सतरंजी, एकीत पाण्याचा मोठा जार, आणि चारींत चिवडा. पाचला निघालं की ट्रॅफिक लागत नाही, हे या चार घरांना पक्कं ठाऊक आहे. पंचाईत एवढीच, की ते साऱ्या पुण्याला ठाऊक आहे. तास-दीड तासात ही चारही घरं खंबाटकी घाटात एकामागे एक उभी असतील.

दुपारी एक ते चार शटर ओढून झोपण्यावरून ज्या शहराची जगभर चेष्टा होते, ते हेच. सुट्टीवर निघताना ते चिवड्यापासून चार्जरपर्यंत सगळं बरोबर घेतं. दुपारची झोप तेवढी घरी ठेवतं.

(दृश्य: घाटरस्ता. गाडीतला आवाज: "आज काय काय होईल?")

हा प्रश्न जरा कान देऊन ऐका. संध्याकाळी त्याचं उत्तर येतं: प्रतापगड झाला, वेण्णा लेक झालं, पाचगणी राहिली. धुणं झालं, भांडी झाली, इस्त्री राहिली, हेही आपण असंच बोलतो. घरकाम उरकायचं असतं, ते समजण्यासारखं आहे. सुट्टीही आपण उरकायलाच निघतो की काय, अशी शंका येते.

महाबळेश्वर या कामाला फार सोयीचं. तिथे 'पॉइंट' आहेत, म्हणजे मोजता येतात. केट्स पॉइंटवरून कृष्णेचं खोरं दिसतं, खाली धोम आणि बलकवडी धरणांचं पाणी. थोडं थांबलं तर ढगाची सावली त्या पाण्यावरून सरकताना दिसते. पण टॅक्सी उभी असते, अजून पाच पॉइंट असतात आणि कुणीतरी कणीस भाजायला सांगून ठेवलेलं असतं. कणीस मात्र सावकाश खाल्लं जातं. तेही बरंच म्हणायचं.

(दृश्य: अजिंठा. वाघूर नदीच्या वळणावरचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा कडा.)

यादीची ही हौस मला स्वतःला महागात पडली ती इथे. रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा, सोमवारी रात्री पुणे, असा तक्ता मी वहीत आखला होता, वेळांसकट. छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर गाडी हाकत फर्दापूरच्या फाट्यावर पोचलो, तर शुकशुकाट. अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी. ताजमहाल शुक्रवारी. हे बघायला फोनवर अर्धं मिनिट पुरलं असतं. मी मात्र अर्धा तास वाटेतल्या मिसळींचे रिव्ह्यू वाचण्यात घालवला होता. आई मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "तुझ्या वहीत वार नव्हते का रे?"

पुढच्या खेपेला वही नेलीच नाही. फाट्यावर गाडी ठेवायची आणि लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातच बोधिसत्त्व पद्मपाणी आहे, हातात निळं कमळ घेतलेला, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी रंगवलेला. उन्हातून आत शिरलं की आधी दिसतो तो नुसता काळोख. डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. दहाएक मिनिटांत बरंचसं दिसू लागतं, पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. बहुतेक मंडळी आत असतात दोन मिनिटं. म्हणजे पुण्याहून एवढ्या लांब यायचं आणि चित्र दिसू लागायच्या आत बाहेर पडायचं! प्रकाशाने रंग विटतात म्हणून फ्लॅशला तिथे बंदी आहे. तरी कुणाचा तरी मोबाइल चमकतोच, आणि बाकीच्यांचे सरावत आलेले डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

मी एका कोपऱ्यात उभा राहिलो. आधी मुकुट दिसला. मग खाली झुकलेल्या पापण्या. त्याच्या आजूबाजूची माणसं तर कितीतरी उशिरा उमटली. त्या दिवशी माझी चारच लेणी 'झाली'.

(दृश्य: कोकणातला किनारा. वाळूत रुतलेली एक गाडी, लांबून येणारा ट्रॅक्टर.)

कोकणात आमची तऱ्हा आणखी वेगळी. ताम्हिणी उतरायचा, माणगाव मागे टाकायचं आणि गाडी थेट पुळणीवर न्यायची. ओहोटीला ओली वाळू डांबरासारखी घट्ट भासते. भरतीचं पाणी चढायला लागलं की तीच वाळू भुसभुशीत होते, आणि चाकं जितकी फिरवावीत तितकी खोल जातात. मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. त्याचा भाव करायची ती वेळ नसते.

किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण. आपल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, संकष्टीचा चंद्रोदय त्यात मिनिटासकट बघितला जातो. समुद्राकाठी गाडी लावताना तिथी बघायचं कुणाला सुचत नाही.

जेवणाचंही तसंच. घरगुती खानावळीत तयारी नारळ खवण्यापासून असते. माणसं किती, त्यात शाकाहारी किती, हे सकाळीच कळवावं लागतं. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशी. दीड वाजता फोन करून "अकरा जण आहोत, पोचतोच" म्हणणाऱ्यांच्या ताटात जे पडतं, त्यावर मग घरी येऊन रिव्ह्यू लिहिला जातो.

(दृश्य: लोणावळा, पावसाळा. काही क्षण फक्त पाण्याचा आवाज.)

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. पाण्याचा जोर एकाएकी वाढला. पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती.

डोंगरातल्या पाण्याची रीत अशी, की आपण उभे असतो तिथे पाऊस आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वर कोसळलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो. नितळ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज जड झाला, की गावातली पोरं न बोलता काठावर येतात. शहरातून आलेल्या आपल्याला तो आवाज वेगळा वाटतच नाही.

(दृश्य: रविवार, रात्रीचे साडेनऊ. खेड शिवापूरचा टोलनाका. लाल दिव्यांची रांग.)

खोलीचे पैसे पुरेपूर वसूल व्हावेत म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत थांबायचं, ही सवयही सगळ्यांचीच. त्यामुळे शनिवारी पहाटे भेटलेली मंडळी आता इथे पुन्हा भेटली आहेत. मुलं मागे आडवी झाली आहेत. चिवड्याच्या डब्यात शेंगदाणे तेवढे उरलेत. जेवून दुपारीच निघाले असते तर एव्हाना घरी आमटी-भात होऊन गाद्या पडल्या असत्या. उद्या नऊला मीटिंग आहे. तरी मागून हिशेब चालूच आहे. "नऊ पॉइंट झाले ना? मग दोनच राहिले."

तेवढ्यात फोन वाजतो. हॉटेलवाल्याचा.

"साहेब, तुमचा चार्जर राहिलाय."