पापणी ठणकतेय? प्रत्येक वेळी रांजणवाडीच असते असं नाही

नमस्कार. पापणी सुजली की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो आणि निदान एकच: रांजणवाडी! गंमत म्हणजे बहुतेकदा ते बरोबर निघतं. म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलू.

हे बघा, मी खालची पापणी अलगद ओढतो. केसांच्या मागे कडेवर बारीक ठिपक्यांची रांग दिसतेय? ही तेलग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खाली थोड्या कमी. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळा पटकन कोरडा पडत नाही. यातली एखादी ग्रंथी किंवा केसाचं मूळ पिकलं की झाली रांजणवाडी. नेमकं इथे दुखतंय, असं बोट ठेवून सांगता येतं.

उपाय म्हणजे शेक. आता बहुतेक जण शेकतात कसे? कापड गरम पाण्यात बुडवलं, मिनिटभर डोळ्यावर धरलं, संपलं. एवढ्याने काय होणार? आत घट्ट झालेलं तेल सैल व्हायला सलग दहा मिनिटं तरी ऊब लागते. कापड निवलं की पुन्हा बुडवा, असं दिवसातून तीन-चार वेळा. कापड आधी मनगटाला लावून बघा, कारण पापणीची कातडी फार पातळ असते, भाजायला वेळ लागत नाही. आणि कृपा करून रांजणवाडी फोडू नका. बरी होईपर्यंत काजळ आणि लेन्सही बंद.

गाठ आहे पण दुखत नाही, तर ते बहुधा कॅलेझियन, म्हणजे तेलग्रंथी तुंबून झालेली गाठ. शेक तोच, धीर जास्त. मात्र काढलेली गाठ पुन्हा त्याच जागी आली, विशेषतः उतारवयात, तर तिचा तुकडा तपासायला पाठवायला हवा. क्वचित तो कॅन्सर असतो.

दोन्ही डोळ्यांच्या कडा चुरचुरतात, केसांच्या मुळाशी कोंडा दिसतो? तो ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांचा दाह. मुळापासून जात नाही, पण कडा रोज स्वच्छ ठेवल्या तर आटोक्यात राहतो.

नागिणीचं वेगळं. कपाळाच्या एकाच बाजूला आग होते, पुरळ मागून येतं. नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर डोळ्याला धोका आहे असं समजा. औषध पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं.

आता घाबरायचं कधी? पूर्ण पापणी लालभडक सुजली असेल तर डोकं स्थिर ठेवून नजर चारही दिशांना फिरवा. डोळा फिरवताना आत दुखलं, एकाचे दोन दिसले, नजर अंधूक झाली किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटला, तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरलेला असू शकतो. सोबत ताप असेल तर शंका आणखी बळावते. मग शेकत बसू नका, सकाळची वाटही बघू नका. तडक हॉस्पिटल गाठा.