साठ भागांचा धीर: 'द वायर' कोकणातून बघताना

(दृश्य: रत्नागिरी, मिरकरवाडा बंदर. संध्याकाळी परतणाऱ्या होड्या. बंदराचा आवाज तसाच राहू द्यावा, संगीत नको.)

'द वायर' बघायला घेतलेल्या माणसाची तिसऱ्या भागानंतरची तक्रार ठरलेली असते: अजून काहीच घडलं नाही. तक्रार खोटी म्हणता येत नाही. पहिल्या भागात खुनाच्या खटल्यातला एक तरुण सुटतो, कारण एक साक्षीदार कोर्टात फिरते. मॅकनल्टी नावाचा एक डिटेक्टिव्ह न्यायाधीशांच्या दालनात नको तेवढं बोलून बसतो आणि त्याचे साहेब त्याच्यावर उखडतात. मग ड्रग्ज विकणाऱ्या टोळीच्या मागे एक तपास पथक उभं राहतं, तेही तळघरात, बाकीच्या विभागांना नकोशा झालेल्या माणसांचं. कोण कोणाच्या बाजूचा, हे कोणी समजावून सांगत नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे कुठे श्वास रोखायचा तेही आपलं आपणच ठरवायचं.

एचबीओ वाहिनीवर ही मालिका जून २००२ ते मार्च २००८ या काळात आली. पाच सीझन, साठ भाग, आणि शहर एकच: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं बाल्टिमोर. ती रचणारा डेव्हिड सायमन तिथल्या 'बाल्टिमोर सन' दैनिकात गुन्हेगारीच्या बातम्या देणारा बातमीदार होता. त्याचा जोडीदार एड बर्न्स त्याच शहराच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह होता, पुढे सरकारी शाळेत शिक्षक झाला. समीक्षकांनी मालिका डोक्यावर घेतली. प्रेक्षक मात्र बेताचेच राहिले, आणि एमी पुरस्कारांत दोन नामांकनं मिळाली तीही फक्त लेखनासाठी. पुरस्कार एकही नाही.

साठ तास म्हणजे थोडाथोडका वेळ नव्हे. ते द्यावेत का?

(दृश्य: सिंधुदुर्गातलं एक देऊळ, जत्रेची रात्र. खाज्याची दुकानं, रंगपटात तोंड रंगवणारे नट.)

रात्र रात्र बसून बघण्याची सवय कोकणाला नवी नाही. कार्तिकी झाली की दशावतारी मंडळांचे पेटारे गावोगाव फिरू लागतात. पालखीची प्रदक्षिणा आटपून नाटक उभं राहायला मध्यरात्र उलटते. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. मग आख्यान. नेपथ्य म्हणजे एक बाकडं; राजा बसला की ते सिंहासन. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत माणूस जागचा हलत नाही, असं आपण कौतुकाने सांगतो. प्रत्यक्षात चांगला हलतो. खाजं आणायला जातो, चहा पितो, पोराला मांडीवर झोपवून स्वतःही डुलकी काढतो, आणि युद्धाला मृदंग चढला की डोळे उघडतो. बिघडत काहीच नाही, कारण कथा सगळ्यांना पाठ असते.

तेव्हा 'आम्हाला दशावताराची सवय, आम्हाला ही मालिका काय जड' असं मी म्हणणार नाही. इथे डुलकी काढली तर दोन भागांनंतर पस्तावायची वेळ येते.

रोजच्या मालिकेचा धीर आणखी निराळा. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा बघायला पर्यटकांच्या गाड्या थांबू लागल्या. रहस्य तिथेही होतंच. पण आठवडाभर मालिका चुकली तरी शेजारच्या काकी दोन वाक्यांत धागा जुळवून देतात. रोजची मालिका त्या बेतानेच लिहिलेली असते. तिथे प्रेक्षक उत्तराची वाट बघत असतो. "मेल्या, आधी सांग, खून कोणी केल्यान?" 'द वायर'मध्ये हा प्रश्न फारसा कामाचा नाही. खून कोणी केला ते आपल्याला बहुतेक वेळा माहीत असतं, पोलिसांनाही असतं. कोर्टात उभं राहील असं काही हाती लागत नाही, खरी गोष्ट ती आहे.

(दृश्य: जुन्या टेलिफोनची बटणं, अगदी जवळून.)

नावातली वायर म्हणजे फोनवर चोरून ऐकण्यासाठी टाकलेली तार. ती टाकायला न्यायाधीशाची परवानगी लागते, आणि बाकीचे सगळे मार्ग थकले हे आधी कागदावर दाखवावं लागतं. परवानगी मिळाली तरी सुटका नाही. संभाषण गुन्ह्याबद्दलचं नसेल तर ऐकणं थांबवायचं. सार्वजनिक फोन संशयितानेच उचलला याची खात्री हवी, म्हणून एक माणूस समोरच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसतो, दुसरा हेडफोन लावून खोलीत, आणि दोघांच्या नोंदी जुळल्या तरच तो पुरावा. पेजरवर येणारे आकडेही उलटसुलट केलेले असतात. ते कोडं प्रेझबलुस्की नावाचा एक पोलीस सोडवतो: फोनच्या बटणांवर मधला पाच ओलांडून समोरचा आकडा घ्यायचा. एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ, चाराच्या जागी सहा. पाच आणि शून्य यांची अदलाबदल. बस्स. शाळा अर्धवट सोडलेली पोरंही धावता धावता वापरू शकतील इतकं सोपं, आणि म्हणूनच हुशार माणसांच्या नजरेतून सुटलेलं.

इथे मालिकेची चाल उलगडते. तपासच इतका सावकाश चालतो की बघणाऱ्यालाही त्याच गतीने चालावं लागतं. लेस्टर फ्रीमन हा पथकातला वयस्क डिटेक्टिव्ह सुरुवातीला कोपऱ्यात बसून बाहुलीघराचं चिमुकलं फर्निचर घासत असतो. आपण त्याला निकामी समजतो. साहेबांचं न ऐकल्यामुळे तेरा वर्षं आणि चार महिने तो तारण दुकानांच्या नोंदी बघत सडला होता, हे नंतर कळतं. आणि बारीक कामाला बसलेला तो हात कागदपत्रांवर चालू लागला की पथकाचा नूरच पालटतो.

(दृश्य: राजापूरची खाडी, ओहोटी. उघडा पडलेला गाळ, कलंडलेली होडी.)

पुढे थोडं कथानक उघड होईल, आधीच सांगतो.

दुसरा सीझन बंदरावर सुरू होतो, आणि पुष्कळ जण मालिका इथेच सोडतात. पहिल्या सीझनमधली गल्ली, तिथली पोरं, ज्यांच्यात आत्ता कुठे जीव गुंतला होता, ती कडेला जातात, आणि समोर येतात गोदीतले पोलिश वंशाचे गोरे कामगार, त्यांची युनियन, क्रेन आणि कंटेनर. मला विचाराल तर कोकणातल्या माणसाने ही मालिका या बारा भागांसाठी बघावी.

सुरुवातच भरती-ओहोटीची. शिक्षा म्हणून समुद्री गस्तीवर पाठवलेल्या मॅकनल्टीला पाण्यात एका बाईचं प्रेत सापडतं. ते कोणाच्या हद्दीतलं यावर वाद होतो, आणि कोणालाच ते नको असतं. हा गडी भरतीच्या वेळा आणि वारा यांचे तक्ते काढून प्रेत कुठून वाहत आलं ते दाखवतो, आणि ते आपल्या जुन्या साहेबांच्या गळ्यात बांधतो. आपल्याकडचा कुठलाही रापणकर हे दृश्य बघून गालात हसेल. त्या हद्दीच्या हिशेबातला बाल्टिमोरचा 'की ब्रिज' नावाचा पूल मात्र आता उभा नाही. २६ मार्च २०२४ च्या पहाटे 'डाली' नावाचं कंटेनर जहाज त्याच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला, वर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे खलाशी बहुतेक भारतीय होते. ज्या घरातलं कोणी बोटीवर असतं, त्या घरात ती बातमी परदेशातली म्हणून ऐकली गेली नसेल.

मालिकेतल्या बंदरावर एका कंटेनरमध्ये तेरा बायका मेलेल्या सापडतात. युनियनचा पुढारी फ्रँक सोबोटका याने त्यांना मारलेलं नाही. कंटेनर कागदावरून गायब करायचे आणि स्मगलरांकडून पैसे घ्यायचे, एवढाच त्याचा भाग. पैसा तो स्वतःवर उडवत नाही. राजकारण्यांना पोचवतो, कालव्यातला गाळ काढावा आणि मोडकळीला आलेला धान्याचा धक्का पुन्हा बांधावा म्हणून. जहाजं आली तर पोरांना काम मिळेल. राजापूरच्या खाडीकाठी उभं राहून हे ऐकावं. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती, गलबतं आत येत होती. गाळ साचत गेला आणि व्यापार दुसरीकडे गेला.

सोबोटकाला हव्या असलेल्या धक्क्याच्या जागी शेवटी महागडे फ्लॅट येणार असतात. हे बघताना मला लालबाग-परळ आठवल्याशिवाय राहिलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यातले किती कामगार रत्नागिरी-सिंधुदुर्गातले होते हे कोकणात वेगळं सांगावं लागत नाही. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. संपानंतरची पहिली पिढी कुठल्या नाक्यावर उभी राहिली, त्यातली काही पोरं कोणाच्या टोळीत गेली, हे गिरणगावाला ठाऊक आहे. सोबोटकाच्या घरातही तेच घडतं: त्याचा पुतण्या आणि मुलगा रोजंदारीचं काम मिळेना तसे चोरीकडे आणि ड्रग्जकडे वळतात.

आणि किनाऱ्यावर माल उतरतो तो कसा? १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची शस्त्रं आणि आरडीएक्स रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला उतरलं. १२ मार्चला २५७ माणसं मारली गेली. पुढे टाडा न्यायालयाने कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काही जणांनाही दोषी ठरवलं. एवढ्या मोठ्या घातपातासाठी खालच्या साखळीतल्या प्रत्येकाने आपल्यापुरतं तोंड फिरवलं की पुरतं. 'द वायर'चा दुसरा सीझन ती साखळी कडी कडी करून दाखवतो. ते दोन तासांच्या सिनेमात मावलं नसतं.

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेचा रिकामा वर्ग. फळ्यावर गणित.)

धीराचं फळ म्हणून एकच उदाहरण द्यायचं तर मी प्रेझबलुस्कीचं देईन, त्या कोडं सोडवणाऱ्याचं. पहिल्या सीझनमध्ये तो दारूच्या धुंदीतल्या जोडीदारांबरोबर वस्तीत जातो आणि विनाकारण पिस्तुलाच्या दस्त्याने एका चौदा वर्षांच्या मुलाला मारतो. मुलाचा एक डोळा जातो. सासरा वरचा अधिकारी, म्हणून हा वाचतो. आपल्याला त्याची किळस येते. मग तो कागदपत्रांत रमतो, कामाचा ठरतो. तिसऱ्या सीझनमध्ये त्याच्याच हातून साध्या वेशातला एक पोलीस चुकून मारला जातो. आणि चौथ्यात तो शाळेत गणिताचा मास्तर म्हणून उभा असतो, समोर त्याच वयाची, त्याच वस्तीतली मुलं. फळ्यावरच्या गणिताला कोणी ढुंकून बघत नाही, तेव्हा तो फासे काढतो आणि जुगारातून संभाव्यता शिकवतो. त्या डोळा गेलेल्या मुलाची आठवण मालिका करून देत नाही. आपल्याला झाली तर झाली. पहिला सीझन लक्ष देऊन बघितलेल्याला ती होते, आणि मग त्या वर्गातलं साधं दृश्यही अंगावर येतं.

सगळंच असं फळतं असं मात्र नाही. पाचव्या सीझनमध्ये एक डिटेक्टिव्ह तपासाला पैसे मिळावेत म्हणून खोटा खुनी रचतो आणि एक बातमीदार खोट्या बातम्या. चार सीझन विश्वासार्ह वाटलेली मालिका इथे ताणल्यासारखी वाटते, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतली माणसं काळी-पांढरी होऊन बसतात. सायमनचा स्वतःच्या जुन्या धंद्यावरचा राग लेखणीवर चढला असावा. बायकांच्या भूमिकांनाही या साठ भागांत पुरुषांच्या मानाने जागा फार कमी मिळाली. पथकातली डिटेक्टिव्ह किमा ग्रेग्ज आणि बंदरावरची पोलीस बीडी रसेल वगळता आठवावं लागतं.

बघायचं ठरवलंत तर इंग्रजी सबटायटल्स लावूनच बघा. बाल्टिमोरच्या गल्लीतली बोली चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही सुटत नाही. हातात मोबाईल नको, आणि एका बैठकीत दोन भागांच्या वर जाऊ नका. पहिल्या सीझनचे तेरा भाग संपूनही त्या माणसांपैकी एकाचंही पुढे काय झालं याची उत्सुकता वाटली नाही, तर खुशाल सोडा, त्यात कमीपणा काही नाही. पण बंदराचा सीझन गाळून तिसऱ्यावर उडी मारू नका. आणि पाचवा नाही बघितला तरी चालेल. चौथ्याचा शेवट पुरेसा आहे.