‘मुद्दाम करतेस ना?’ : स्मृतिभ्रंश आणि आपली भाषा

‘सकाळपासून पाचव्यांदा विचारलंस. मुद्दाम करतेस ना?’

नमस्कार मंडळी. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेलं माणूस घरात असेल, तर हे वाक्य कधी ना कधी तोंडून निघतंच. ‘भ्रमिष्ट’, ‘म्हातारचळ’ हे शब्द वाईट आहेत, वादच नाही. पण माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो हा साधासुधा ‘मुद्दाम’.

का, ते सांगतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण पक्की करणं हे त्याचं काम. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, बहुतेक वेळा सुरुवातीलाच त्याला धक्का बसतो. आई विचारते, ‘डॉक्टरांकडे कधी जायचंय?’ तुम्ही सांगता, ‘चार वाजता.’ ती मान डोलावते, पर्स शोधते, पर्समध्ये रुमाल आहे का बघते. आणि पुन्हा, ‘डॉक्टरांकडे कधी जायचंय?’ आपण म्हणतो, विसरली. खरं तर उत्तर तिच्याकडे साठलंच नाही. तिच्या लेखी हा प्रश्न ती पहिल्यांदाच विचारतेय! त्यावर आपण खेकसलो, तर समोरचा चिडलाय एवढंच तिला कळतं. का चिडलाय, ते कळायला काही मार्गच नाही.

बरं, ‘जाऊ दे, विसरेल थोड्या वेळात’ असं म्हणून सुटताही येत नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले होते. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. काय पाहिलं ते रुग्णांना फारसं आठवेना, पण उदास वाटणं किंवा बरं वाटणं मागे रेंगाळत राहिलं.

आता ‘साठी बुद्धी नाठी’. हसत हसत म्हणतो आपण. पण या म्हणीने तपासणी लांबणीवर पडते. नाव पटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते न सापडणं, हे वयानुसार चालायचंच. रोजच्या वाटेवर चुकणं, जन्मभर हिशेब ठेवलेल्या माणसाला साधं बिल न उलगडणं, याला वय म्हणून सोडून द्यायचं नाही. स्मृतिभ्रंश हा लक्षणांचा गट आहे. त्यातले साधारण ६० ते ७० टक्के रुग्ण अल्झायमरचे असतात. आणि कधी कधी तर विसरण्यामागे थायरॉइड, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखादं औषध निघतं. त्यावर उपचार होऊ शकतात, पण तपासलं तर!

जपानने हे फार गांभीर्याने घेतलं. तिथे या आजाराचं जुनं अधिकृत नाव ‘चिहो’ होतं, त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. नाव अपमानकारक आहे आणि त्यामुळे लवकर निदानही अडतं, म्हणून २००४ मध्ये सरकारने ते बदलून ‘निन्चिशो’, म्हणजे ‘आकलनाचा विकार’, असं केलं. नावाने पेशी बऱ्या होत नाहीत हे मलाही कळतं. पण दवाखान्याची पायरी चढायला लाज वाटणार नसेल, तर तेवढंही पुष्कळ आहे.

अजून एक. ‘शहाणं बाळ ते, आ कर बघू!’ प्रेमानेच बोलतो आपण. पण अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये (म्हणजे वृद्धांची देखभाल होते अशा निवासी केंद्रांत) केलेल्या चित्रीकरणांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की कर्मचारी अशा बाळबोलीत बोलले की स्मृतिभ्रंशाचे रुग्ण जास्त विरोध करतात. हात झटकतात, तोंड फिरवतात. साहजिक आहे हो. वाक्य लहान ठेवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, पण आवाज मोठ्या माणसाशी बोलतानाचाच असू द्या. आणि त्यांच्यासमोर ‘यांना आता काही कळत नाही’ हे तर नकोच.

डॉक्टरांकडे जाल तेव्हाही ‘डोकं चालत नाही’ एवढंच सांगू नका. त्यातून त्यांना काहीच हाती लागत नाही. काय घडलं ते लिहून न्या: गॅस चालू राहिला, पेन्शनच्या कागदावर सही जमेना, संध्याकाळी घाबरल्यासारखं झालं. कधीपासून, तेही लिहा. हे सगळं हळूहळू नाही, तर एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तो डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, असू शकतो, त्यामागे संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.