माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी गायक नट केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी गावातले कलावंत काळ्या पडलेल्या भिंतींसमोर उभे राहून अक्षरशः रडले.

हे नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं. १९१५ साली ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं पॅलेस थिएटर. पाठीला खासबागेचं कुस्तीचं मैदान, तेही महाराजांचंच. अलीकडे षड्ज, पलीकडे शड्डू! गवयाला आणि पैलवानाला एकाच मानानं शेजारी बसवणारा राजा आपल्याला लाभला.

कोल्हापूरच्या सिनेमाची नाळही रंगभूमीशीच जुळलेली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. कॅमेरा पुढे आला, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी, आणि १९२९ साली प्रभात.

ज्यांचं नाव या वास्तूला पुढे मिळालं ते केशवराव इथलेच, १८९० चा जन्म. १९०८ साली त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांसोबत संयुक्त ‘मानापमान’ हे संगीत नाटक केलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गेले. वय अवघं एकतीस!

त्या काळी माईक नव्हता, हे लक्षात घ्या. पद सुरू झालं की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द कळायला हवा. निम्मं काम गायकाच्या दमसासाचं, निम्मं वास्तूचं. छताची उंची, लाकूड, भिंतींमधलं अंतर, सगळ्याचा त्यात वाटा असतो.

म्हणून पुनर्बांधणीबद्दल माझं एकच कळकळीचं मागणं आहे. दर्शनी भाग हुबेहूब होईलच, खुर्च्या चांगल्या येतील, एसीही बसेल. पण पडदा उघडण्याआधी एका गायकाला मंचावर उभं करा, माईक बंद ठेवा आणि नांदी म्हणायला सांगा. शेवटच्या रांगेत एखादा जुना रसिक बसवा. त्याला प्रत्येक अक्षर ऐकू आलं, तरच काम पुरं झालं म्हणा. नाहीतर छत पुन्हा तपासा, चार महिने जास्त लागले तरी चालतील.

आणि श्रोतेहो, तुमच्या घरी या नाट्यगृहाच्या आतले जुने फोटो असतील, एखाद्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण असेल, तर ते कपाटातून बाहेर काढा. बांधकाम करणाऱ्यांना दाखवा, ऐकवा. नमस्कार.