धाकटं पातेलं

(दृश्य : होडीतून घेतलेलं चित्रण. दोन्ही बाजूंना पाणी, मध्येच उसाचे शेंडे.)

या पाण्याखाली पुरुषभर उंचीचा ऊस आहे. वर दिसतायत ते त्याचे शेंडे.

ऑगस्ट 2019. कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना भेटतात, आणि वारणा, दूधगंगेचं पाणीही याच भागात येऊन थडकतं. पूर इथल्या माणसांना नवा नाही. कुठल्या वर्षी पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, हे म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात. पण कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फुटांना धरतात, आणि त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्यात गेला, तो कित्येक दिवस बंद राहिला. ज्या जिल्ह्यातून रोज लाखो लिटर दूध बाहेरगावी जातं, तिथे चहाला दूध मिळेना.

(दृश्य : शाळेचं पटांगण. ट्रकमधून खोकी उतरतायत. हातांची साखळी.)

ही तालुक्यातलीच एक शाळा. आता छावणी. ट्रक कुठून कुठून आलेत, ते नंबरप्लेटवर वाचा. बिस्किटं, ब्रेड, फरसाण, नूडल्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या. आणि ही पोती. यात भाकऱ्या आहेत. कोरड्या राहिलेल्या गावांनी घरटी चार-चार, पाच-पाच भाकऱ्या थापल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. त्या भाकरीचं मोल कुणी करू नये. रात्री अकराला भिजून आलेल्या माणसाच्या हातात ती पडते, तेव्हा त्याचा चेहरा काय होतो, ते बघा.

(निवेदन थांबतं. चेहरे.)

आता सातवीच्या वर्गात चला. फळ्यावर खडूने आकडा लिहिलाय : 38. या खोलीत 38 माणसं, म्हणून 38 पुडे. सरकारी माणूस आला की आकडा मोजतो, पुडे देतो, सही घेतो. यात त्याचा दोष नाही. त्याच्या कागदावर दुसरा रकानाच नाही.

पण या 38 मध्ये चार महिन्यांचं एक बाळ आहे. चौदा महिन्यांची एक मुलगी आहे, तिला वरचे चार आणि खालचे दोन दात आलेत. सातवा महिना लागलेली एक बाई आहे, तिच्या लोहाच्या गोळ्या घरात राहिल्या आणि घर पाण्यात. खिडकीशी बसलेले आजोबा आहेत. त्यांना साखरेचा आजार, आणि तोंडात दात नाहीत.

आजोबा पुडा फोडतात. बिस्किट चहात बुडवतात. ‘‘दुसरं चावतंय कुठं? ह्येच खायाचं.’’ तीन दिवस ते हेच खातायत.

माणसाला संकटाच्या काळात दिवसाला सरासरी 2100 कॅलरी मिळाल्या पाहिजेत, आणि त्यातल्या दहा-बारा टक्के प्रथिनांतून, असं स्फिअर निकष सांगतात. जगभरातल्या मदतसंस्था हेच निकष मानतात. बिस्किटांनी कॅलरीचा आकडा कसातरी गाठता येतो. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात, प्रथिनं जेमतेम सहा-सात ग्रॅम. धडधाकट माणूस त्यावर चार दिवस काढेल. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज 600 कॅलरी जास्त लागतात. ती त्यावर निघत नाही.

(दृश्य : शाळेच्या मागची पडवी. तीन दगडांच्या चुली. धूर.)

आमचा माहितीपट खरा इथे सुरू होतो.

मोठ्या चुलीवरची काहील सगळ्यांना दिसते. तिच्यात मसालेभात. कोल्हापूरच्या मापाचा, म्हणजे कांदा-लसूण चटणी सढळ हाताने. मोठ्यांना तो गोड लागतो. थंडीने काकडलेल्या अंगाला तिखट बरंच वाटतं. पण चौदा महिन्यांच्या मुलीने पहिला घास घेतला आणि किंचाळली. आईने भात पाण्याने धुऊन भरवायला घेतला. बचत गटाच्या एका मावशींनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आपल्या बोचक्यातून हे पातेलं घेऊन आल्या आणि कडेच्या चुलीवर चढवलं.

जवळून बघा. स्टीलचं, पाचेक लिटरचं. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव आहे, लग्नात भावाने दिलं होतं त्याचं. बुडाला एक पोचा आहे. घर सोडताना मावशींनी तीन गोष्टी उचलल्या : कागदपत्रांची पिशवी, नाचणीच्या सत्त्वाचा डबा आणि हे पातेलं. पातेलंच का, ते त्यांना सांगता आलं नाही.

दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. दोन्ही आधी कोरडीच भाजून घेतली. पाणी उकळलेलंच, भरपूर. हळद, जरासं मीठ. तिखट नाही. झाकण ठेवून इतकं शिजवायचं, की शीत बोटावर घेतलं तर नुसत्या दाबाने फुटलं पाहिजे. याला आपण गुरगुट्या भात म्हणतो. मग दाण्याचं बारीक कूट, आणि वरून तेल. तूप असतं तर तूप.

तेल का? तर वर्षाच्या लेकराचं पोट केवढंसं असतं. त्यात पातळ पेज ओतली की ते पाण्यानेच भरतं, मूल गप्प होतं, आपल्याला वाटतं जेवलं. म्हणून मावशी चमचा उलटा करून दाखवतात. भात ओघळला नाही, चिकटून राहिला, की झालं. थोड्या घासांत जास्त बळ. डॉक्टर हेच सांगतात, जरा अवघड शब्दांत.

आणि सत्त्वाचा डबा? नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळलेली. साध्या पिठाची खीर लगेच गोळा होते, म्हणून पीठ कमी घालावं लागतं. मोड आलेल्या धान्यात पिष्ट मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं, त्यामुळे खीर सैल राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. कॅल्शियमही शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या आज्यांनी हे कुठल्या प्रयोगशाळेत शोधलं नाही. पोरं वाढवता वाढवता त्यांच्या हाताला ते कळलं.

(दृश्य : अंगणवाडीताई. हातात दुमडलेली वही.)

आता पातेल्यातलं कुणाला वाढायचं, हे ठरवलं या ताईंनी. त्यांचं रजिस्टर भिजलं, पण गावातलं प्रत्येक लहान मूल त्यांना जन्मतारखेसकट पाठ आहे. त्यांनी नवी यादी केली. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, दात नसलेले, आजारी. फळ्यावर 38 च्या शेजारी दुसरा आकडा आला : 9. प्रत्येक वर्गाबाहेर असे दोन आकडे. आम्ही या छावणीत पाहिलेली सगळ्यात मोठी सुधारणा ही. खर्च म्हणाल तर खडूचा एक तुकडा.

ही रंगीत पट्टी दंडघेर मोजायची. सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली तर लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. त्या मुलाला थेट डॉक्टरकडे.

(दृश्य : साडीचा पडदा बांधलेला कोपरा. कॅमेरा बाहेरच.)

या पडद्याच्या आत आम्ही गेलो नाही. फक्त आवाज ऐका.

‘‘ताई, दूधच येईना झालंय.’’

‘‘येतंय गं. घाबरलीस ना, म्हणून अडलंय. पाज, पाजत ऱ्हा. आधी तू दोन घास खा.’’

चार महिन्यांच्या बाळाची ही आई. भीतीने दूध आटत नाही, त्याचं उतरणं काही काळ अडतं. बाळ ओढत राहिलं की पुन्हा सुरू होतं. पण नेमक्या याच वेळी मदतीच्या खोक्यातून पावडरचा डबा आणि बाटली निघते. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. बाटली धुवायला स्वच्छ पाणी कुठे आहे? 2006 साली इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकर्त्याला भूकंप झाला, तेव्हा पावडरचे डबे असेच वाटले गेले. नंतर पाहणी झाली. ज्या लहानग्यांना तो डबा मिळाला होता, त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण 25.4 टक्के. ज्यांना मिळाला नव्हता, त्यांच्यात 11.5.

आपल्याकडे 1992 पासून कायदाच आहे. दुधाची पावडर आणि बाटल्या अनाथालय सोडून कुणालाही दान देता येत नाहीत. ज्या बाळाला आईचं दूध मिळणंच शक्य नाही, त्याची सोय आरोग्य कर्मचाऱ्याने बघायची, एकेका बाळापुरती, वाटी-चमच्याने. ताईंनी डबे उचलून शिक्षकांच्या खोलीत ठेवले आणि कुलूप लावलं. त्यावरून एकदोघे चिडलेही.

(दृश्य : ओसरलेलं पाणी. चिखल. पाठीवर गाद्या घेऊन जाणारी माणसं.)

छावणी मोडली. जुलाब लागलेल्या दोन मुलांना ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या चालू होत्या, तीही घरी गेली. आजोबांची साखर वाढलेली निघाली.

(दृश्य : मोबाइलवरचं चित्रण, किंचित हलतं. मास्क लावलेल्या बायका.)

जुलै 2021. पुन्हा पूर, पुन्हा तीच शाळा. कोरोना चालू आहे. हे चित्रण ताईंनी आम्हाला पाठवलं. मावशी रिक्षातून उतरतायत. बोचकं पडवीत ठेवतात, गाठ सोडतात, आणि आधी पातेलं बाहेर काढतात. बुडाला तोच पोचा. चूल अजून पेटलेली नाही.

‘‘तांदूळ कुठं ठेवलाय गं? आणि बारकी पोरं किती आल्यात, आधी त्ये सांग.’’